शेतातील पाणी आणि आपली मुले

जोंधळा हुरड्यात आला म्हणजे आपण शेतात माळा उभारतो, त्यावर गोफण देऊन माणूस बसवितो, आणि तांबडे फुटल्यापासून दिवस मावळेपर्यंत पाखरे हाकलतो. द्राक्षाच्या बागेवर जाळी पसरतो, भुईमुगात रानडुकरे शिरू नयेत म्हणून रात्री जागून काढतो, पंप चोरीस जाऊ नये म्हणून त्याच्या खोलीस कुलूप घालतो. राखण हा शेतीच्या धंद्याचा अर्धा भाग होय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्या शेतात ही सारी राखण चालते, त्याच शेतातील विहिरीच्या व तळ्याच्या काठी आपली दोन-दोन, तीन-तीन वर्षांची मुले खेळत असतात. आणि त्या पाण्यावर राखण कोणाची, असा प्रश्न कोणी केला तर आपणांस उत्तर सुचत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ कांद्याच्या काढणीस आमच्या शेजारच्या मळ्यात बाहेरगावची चार-पाच कुटुंबे उतरली होती. त्यांपैकी एका बाईने आपले अडीच वर्षांचे मूल बांधावरच्या लिंबाखाली झोळीत निजविले व ती वाफ्यात कामास लागली. मूल केव्हा जागे झाले, झोळीतून केव्हा उतरले, हे कोणास समजले नाही. दुपारच्या भाकरीची वेळ झाली तेव्हा शोधाशोध सुरू झाली. शेततळे तेथून शंभर पावलांवर होते. कागदावरच्या शेवाळात घसरल्याची खूण तेवढी उमटली होती.

कोणी म्हणाले, साती आसरांनी ओढून नेले. कोणी म्हणाले, नवे पाणी बळी घेतल्यावाचून राहात नाही. जाणत्या म्हणविणाऱ्या माणसांनी आईसच बोल लावला की, मूल सांभाळता येत नाही तर कामावर यावे कशाला. पोलिसांनी पंचनामा करून आकस्मिक मृत्यूची नोंद केली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि चौथ्या दिवशी राहिलेला कांदा काढून झाला. तळ्याचे मालक सज्जन गृहस्थ आहेत व त्यांस झालेले दुःख मी पाहिले आहे. त्याच सायंकाळी मी माझ्या स्वतःच्या तळ्यावर जाऊन उभा राहिलो. ते खणून सहा वर्षे झाली होती. त्याच्या कागदावर मी पैसा खर्च केला होता, पंपावर केला होता, ठिबकवर केला होता. कुंपणावर एक पैसाही केला नव्हता. त्याच्या बांधावर माझी नातवंडे बोरे वेचीत असत. शेजाऱ्यांस दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. त्यांच्या तळ्यावर जे घडले ते माझ्या तळ्यावर घडले नाही, इतकाच आम्हा दोघांत फरक होता.

तेव्हापासून या विषयासंबंधी जे वाचले, विचारले व पाहिले, ते आमच्या शेतकरी बंधूंपुढे ठेवण्याचे योजिले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मुलांचे बुडून मरणे ही दैवाची गोष्ट नाही. देवी, पटकी, नारू यांप्रमाणे ती सार्वजनिक आरोग्याची गोष्ट आहे, आणि तिचा उपाय बहुतांशी शेतकऱ्याच्या हाती आहे.

जे मरण दरसाल, त्याच वयाच्या मुलांस, त्याच प्रकारच्या जागी व दिवसाच्या त्याच प्रहरी येते, त्यास दैव म्हणणे योग्य नव्हे. देवीच्या रोगासही आपले पूर्वज दैवच म्हणत; टोचणी घरोघर पोहोचली, आणि १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली बुडण्यासंबंधी जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे ३ लाख माणसे बुडून मेल्याचा अंदाज दिला आहे. त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा आहे. पाच ते चौदा वर्षांची मुले त्यात मिळविली तर हे प्रमाण शेकडा ४० च्या वर जाते. यांतील दहांपैकी नऊ मृत्यू गरीब व मध्यम स्थितीच्या देशांत होतात. आपल्या देशात सरकारी दप्तरात नोंदले जाणारे बुडण्याचे मृत्यूच दरसाल ३० हजारांहून अधिक आहेत. जे मूल दप्तरापर्यंत न जाताच नदीकाठी पुरले जाते, ते या आकड्यात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०२१ मध्ये या विषयावर पहिला ठराव केला व २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधाकरिता नेमून दिला. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानेही २०२३ साली याविषयी एक आराखडा प्रसिद्ध केला. म्हणजे रोग ओळखला गेला आहे. औषध मात्र अद्याप बांधापर्यंत आलेले नाही.

हा रोग इतकी वर्षे नजरेस का आला नाही, याचे उत्तर आपल्या शेजारच्या बांगलादेशात मिळते. ढाक्यास १९६० साली पटकीच्या संशोधनाकरिता एक प्रयोगशाळा निघाली, व तिने मतलब नावाच्या ग्रामीण भागात १९६६ पासून जन्म-मृत्यूंची बारकाईने नोंद ठेविली. हगवण व पटकी यांनी त्या भागातील मुले पटापट मरत. मीठ, साखर व पाणी यांचे साधे मिश्रण तोंडाने पाजून रोगी वाचतो, हे तेथील संशोधकांनी १९६८ साली दाखविले. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याच उपायाने असंख्य जीव वाचविले. पुढे ही विद्या त्या देशात घरोघर शिकविली गेली. गोवराची लस आली. मुलांचे मरण झपाट्याने उतरले. तेव्हा खालून एक वेगळेच मरण उघडे पडले. मतलबच्या नोंदीत १९८३ साली एक ते चार वर्षांच्या मुलांच्या शंभर मृत्यूंत बुडून झालेले मृत्यू नऊ होते. २००० साली ते निम्म्याहून अधिक झाले. तळी वाढली नव्हती व आया निष्काळजी झाल्या नव्हत्या. इतर रोग मागे हटले, हा तेवढा जागच्या जागी राहिला. हगवणीतून वाचविलेले मूल घरामागच्या तळ्याने नेले. आपल्या पश्चिम बंगालमधील सुंदरबनात अलीकडे घरोघर जाऊन पाहणी झाली. तीत एक ते चार वर्षांच्या दर लाख मुलांमागे वर्षास सुमारे २४४ मुले बुडून मरतात असे आढळले. ती मुले नदीत वाहून गेली नव्हती, मगरीने ओढली नव्हती. बहुतेक सारी घराजवळच्या तळ्यात, आई चुलीपाशी किंवा कामावर असता, गेली होती.

कोणी म्हणेल, तो पाण्याचा मुलूख. आमचा महाराष्ट्र कोरडा, आम्हांस त्याचे काय? परंतु आपल्या कोरडेपणातच आपला धोका आहे. पाणी नाही म्हणून आपण ते खणून काढतो व साठवून ठेवतो, आणि गेल्या दोन पिढ्यांत या साठवणीचे रूप पालटले आहे.

मोटेच्या काळी विहीर कधी एकटी नसे. पहाटेपासून धावेवर बैल चालत, मोट हाकणारा गाणे म्हणे, दारे धरणारा पाटाने फिरे, थारोळ्यापाशी बाया धुणे धूत. मूल काठाशी गेले तर दहा तोंडे ओरडत. पुढे तेलाचे इंजिन आले, मग विजेचा पंप आला, आणि आता तर घरी बसून मोबाईलवरून पंप सुरू करता येतो. हे सारे कष्ट वाचले ते चांगलेच झाले. परंतु माणूस विहिरीवरून उठला तो तिची राखणही बरोबर घेऊन गेला, हे आपल्या लक्षात आले नाही. विहीर जागच्या जागी राहिली. कित्येक ठिकाणी कठड्यावाचून, गवतात बुडालेली, जमिनीशी समतल.

त्यात शेततळ्यांची भर पडली. राज्य सरकारने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली व फळबागांच्या मुलखात, नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर, जालना या जिल्ह्यांत, शिवारोशिवारी तळी झाली. त्यांनी बागा जगविल्या. मी स्वतः त्यांचा उपकृत आहे. परंतु हे तळे आपल्या जुन्या गावतळ्यासारखे नाही. गावतळ्याचा काठ पसरट असे; मूल पायापायाने पाण्यात शिरे, गुडघाभर पाण्यात रडू लागे, आणि धरावयास लव्हाळ्याची काडी तरी हातास येई. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा शेततळ्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी असते. त्याची बाजू उतरती, उतारावर कागद, आणि कागदावर शेवाळ. पहिल्या पावलास मूल थेट खोल पाण्यात जाते. पट्टीचा पोहणाराही कडेस येतो, परंतु कड चढू शकत नाही. भावास काढावयास बहीण उतरते, तिला काढावयास आई उतरते, आणि एका घरातील दोन-तीन जीव एकाच दुपारी जातात, असे प्रसंग आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

याच काळात आपल्या वस्त्याही गाव सोडून मळ्यात आल्या. गावात घर असता मुलावर आळीची नजर असे. मळ्यात आजी थकलेली, आईबाप पिकात, आणि पाणी अंगणापासून हाकेच्या अंतरावर. ऊसतोडीस, कांद्यास, द्राक्षाच्या कामास येणाऱ्या मजुरांची स्थिती याहून बिकट. त्यांच्या लेकरांस तर विहीर कोठे आहे हेही ठाऊक नसते. हा धोका आपण त्यांच्यापुढे मांडून ठेवलेला असतो, व मूल गेल्यावर बोल त्यांनाच लावतो.

बुडणाऱ्याचा आरडाओरडा ऐकू येईल, ही समजूत सर्वांत घातक आहे. लहान मूल बुडते ते आवाजावाचून बुडते. तोंड पाण्याखाली गेल्यावर हाक निघत नाही. अंगाच्या मानाने डोके जड असल्यामुळे ते उलटे होते व उठू शकत नाही. श्वास बंद पडल्यापासून चार-सहा मिनिटांत मेंदूस कायमची इजा होऊ लागते. एवढ्या वेळात आईची एक घागर भरून होते. रांगत्या मुलास तर हौदाची वा विहिरीचीही गरज नाही. न्हाणीतली अर्धी बादली पुरते.

आता उपायांकडे वळू.

पहिला व मुख्य उपाय कुंपण. नुसत्या काटेरी तारा ओढून भागत नाही. दोन तारांमधून मूल सरपटत जाते. जाळी पाहिजे, ती चार फुटांहून कमी उंच नसावी, तिच्याखाली फट नसावी, आणि पाय देऊन चढता येईल अशा आडव्या पट्ट्या तीत नसाव्यात. फाटक आपोआप मिटणारे असावे व कडी मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर असावी. वर सांगितलेल्या मापाच्या तळ्याचा घेर १२० मीटर. बांधाची रुंदी धरून सुमारे १५० मीटर जाळी व ५० खांब पुरतात. ज्यास हा खर्च एकदम झेपत नाही त्याने बाभळीच्या व बोराटीच्या काट्यांचे दाट कुंपण आजच करावे, ते दरसाल नवे घालावे, आणि त्याच्या कडेने घायपात किंवा सागरगोटा लावून द्यावा. विहिरीस कठडा व वरून लोखंडी जाळी असावी; पडीक विहीर बुजवावी. यात अशक्य असे काही नाही. नारूच्या रोगाकरिता आपण हेच केले होते. ज्या पायऱ्यांच्या विहिरींत माणसे उतरत व ज्यांतील पाण्यातून नारू होई, त्या गावोगाव बांधून काढून रहाटाच्या केल्या. १९९६ नंतर या देशात नारूचा रोगी झाला नाही, व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसा दाखला दिला. रोगाकरिता विहिरीचे रूप पालटावे लागते, हा धडा आपण एकदा गिरविलेला आहे.

दुसरा उपाय पडलेल्यास वर येण्याची सोय. तळ्याच्या चारही बाजूंस खुंट्या ठोकून त्यांस गाठी मारलेले जाड दोर बांधावेत व ते कागदावरून पाण्यात सोडावेत. मोटारीच्या चाकाची हवा भरलेली जुनी ट्यूब किंवा घट्ट बूच लावलेला रिकामा डबा दोरास बांधून काठी टांगून ठेवावा. बुडणाऱ्यामागे उडी टाकण्याआधी दोर व ट्यूब फेकावी, हे घरातील प्रत्येकास, विशेषतः मोठ्या मुलांस, पुन्हा पुन्हा सांगावे. या सोयीस खर्च जवळजवळ नाहीच.

तिसरा उपाय मुलांच्या राखणीचा, आणि याचा गुण सर्वांत अधिक सिद्ध झालेला आहे. बांगलादेशात ‘आंचल’ या नावाने खेड्याखेड्यांत बालगृहे काढण्यात आली. आई घरकामात व शेतकामात गुंतलेली असते त्या वेळी, सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत, गावातीलच एक बाई वीस-पंचवीस मुले सांभाळते. बुडण्याचे प्रसंग याच प्रहरी अधिक होतात म्हणून हीच वेळ धरली. या बालगृहांत येणाऱ्या मुलांचे बुडून मरण्याचे प्रमाण इतर मुलांच्या मानाने शेकडा ८० हून अधिक कमी झाल्याचे आढळले, आणि २०२२ साली तेथील सरकारने अशी ८,००० बालगृहे काढण्याची योजना मंजूर केली. आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाडी आहे. परंतु तिच्या शाळेत तीन वर्षांवरची मुले बसतात, आणि दीड-दोन वर्षांचे चालते मूल, ज्यास धोका सर्वांत अधिक, ते बाहेर राहते. मळ्यातील वस्तीवर तर अंगणवाडी बहुधा दूरच असते. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात असे कलम होते की, कामावरील स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्या स्त्रियांपैकी एकीस मुले सांभाळण्यास नेमावे व तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. सरकारी कामावर जे योग्य ठरले ते आपल्या मळ्यात का होऊ नये? काढणीस टोळी आली म्हणजे तीतील एका बाईची मजुरी मुलांच्या राखणीची म्हणून मालकाने द्यावी. पाखरे हाकणाऱ्यास आपण मजुरी देतो. ही मजुरी देताना हात आखडू नये.

चौथा उपाय पोहणे. आमच्या लहानपणी कमरेस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून वडीलमाणसे मुलांस विहिरीत सोडीत व दोराचे टोक स्वतःच्या हाती धरीत. त्या शिक्षणात दोर धरणारा हात हाच मुख्य होता. आता विहिरींच्या पायऱ्या गेल्या, दोर धरणाऱ्यास सवड राहिली नाही, आणि मुले मे महिन्याच्या सुट्टीत आपली आपण पाण्यात उतरतात. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून उथळ जागा करतात व सहा-सात वर्षांवरील मुलांस बेताचे पोहणे, पाण्यावर तरंगणे व दुसऱ्यास काठावरून दोर फेकणे शिकवितात. त्याचाही गुण उत्तम आला आहे. प्रत्येक मोठ्या गावी एक तळे व एक शिकविणारा एवढी सोय तालुक्याच्या शाळांनी मनावर घेतल्यास अवघड नाही. मुलींस यातून वगळू नये. पाण्याशी त्यांचा संबंध मुलांहून अधिक येतो.

पाचवा उपाय मूल बाहेर काढल्यानंतरचा. आपल्याकडे अशा वेळी मुलास पाय धरून उलटे टांगतात, गरगर फिरवितात, पोट दाबून पाणी काढू पाहतात, आणि अलीकडे तर मिठात पुरून ठेवण्याची एक भलतीच कल्पना पसरली आहे. यांत जी मिनिटे जातात तीच जीव वाचविण्याची असतात. मुलास लगेच सपाट जागी उताणे निजवावे. श्वास चालत नसेल तर हनुवटी किंचित वर उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडास तोंड लावून छाती फुगेल असे पाच श्वास भरावेत. तान्हे मूल असेल तर आपले तोंड त्याच्या तोंड व नाक या दोहोंवर एकदम ठेवावे. त्यानेही हालचाल न झाल्यास छातीच्या मध्यावर, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ती दबेल असे, मिनिटास शंभर ते एकशेवीसच्या वेगाने तीस दाब द्यावेत, मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब. वैद्यकीय मदत येईपर्यंत हे थांबवू नये. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांकास फोन करावा. ही क्रिया केवळ वाचून साधत नाही, ती करून शिकावी लागते. प्रत्येक गावातील दहा तरुणांनी व आशा कार्यकर्तीने ती शिकून घ्यावी.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, आम्ही सारे विहिरीतच वाढलो, आम्हांस काही झाले नाही. याचे उत्तर दुःखाचे आहे: ज्यांस झाले ते हे सांगावयास राहिले नाहीत. आपल्या आईस किंवा आजीस विचारावे. तिच्या माहेरी वा सासरी पाण्याने नेलेले एखादे मूल बहुधा आठवेल. दुसरा आक्षेप असा की, मुलावर लक्ष ठेवणे हे आईबापांचे काम, तळ्याच्या मालकाचे नव्हे. लक्ष ठेवावे हे खरे. परंतु वाफ्यात वाकलेल्या बाईने डोळे एकाच वेळी कांद्यावर व मुलावर कसे ठेवावेत? ज्याने जमिनीत तीन मीटर खोल पाणी करून ठेविले, त्याचे काहीच कर्तव्य नाही, असे धर्मही म्हणणार नाही व न्यायही म्हणणार नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे व लहान शेतकऱ्याच्या बाबतीत तर फारच खरा आहे. म्हणूनच कुंपणाचा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकणे मला मान्य नाही.

येथे सरकारचे व आपल्या संस्थांचे काम येते. २००६ साली हरियाणात कूपनलिकेत पडलेल्या एका बालकास सैन्याने जिवंत बाहेर काढले, ते साऱ्या देशाने पाहिले. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने उघड्या कूपनलिकांसंबंधी कुंपण, फलक व झाकण यांचे सक्त नियम घालून दिले. हे योग्यच झाले. परंतु विहिरीत व शेततळ्यात मूल काही क्षणांत जाते; तेथे पाहावयास कोणी जमत नाही, म्हणून नियमही तितक्या तातडीने होत नाहीत. आपल्या राज्यात शेतकरी वा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती बुडून मेल्यास दोन लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळते. त्यास वयाची अट १० ते ७५ वर्षांची आहे. म्हणजे बुडण्याचे भय ज्या वयात सर्वांत अधिक, त्या वयाचे मूल या हिशेबात धरलेलेच नाही. मेल्यानंतर देण्याची जी तरतूद होते, तिचा काही भाग मरणाआधी जाळीवर खर्च झाला तर पैसाही वाचेल.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत. शेततळ्याच्या प्रत्येक सरकारी अनुदानात जाळी, फाटक व दोर यांचा खर्च कागदाच्या खर्चाबरोबरच धरावा, आणि कुंपण पाहिल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये. आपल्या सहकारी सोसायट्यांनी व बँकांनी तळ्याकरिता वा विहिरीकरिता कर्ज देताना हीच अट घालावी, व कुंपणापुरते कर्ज सवलतीच्या व्याजाने द्यावे. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील विहिरी, तळी, खाणींचे खड्डे यांची यादी करून कोणत्या उघड्या आहेत ते वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावे. गावात मूल बुडून गेले तर पंचनाम्यावर न थांबता, ते कसे गेले व काय असते तर वाचते, याची चौकशी आरोग्य खात्याने करावी. पटकीचा एक रोगी आढळला म्हणजे जशी गावच्या पाण्याची चौकशी होते तशीच. साखर कारखान्यांनी तोडणीच्या टोळ्यांबरोबर असलेल्या लहान मुलांची राखण आपल्या व्यवस्थेत धरावी. आणि आपल्या संघाने येत्या वार्षिक सभेत या विषयाचा एक ठराव आणून, सभासदांच्या तळ्यांपैकी किती तळ्यांस कुंपण आहे याची मोजणी स्वतःपासून सुरू करावी. पहिल्या वर्षी आकडा लाजिरवाणा निघेल; निघू द्यावा. आकडा माहीत झाल्यावाचून तो सुधारत नाही.

माझ्या तळ्यास आता जाळी आहे. खांब घरच्या माणसांनी रोवले, फाटकाची कडी सुताराकडून उंच बसवून घेतली, चार बाजूंस चार दोर सोडले. एकूण खर्च कागदाच्या खर्चाच्या मानाने थोडा आला, आणि काम सहा दिवसांत उरकले. सहा वर्षे जे केले नाही ते सहा दिवसांचे होते, ही गोष्ट मी अभिमानाने सांगत नाही. शेजारच्या मळ्यासही कुंपण झाले आहे. ते एका मुलाच्या नंतर झाले.

येत्या पावसाळ्यात तळी पुन्हा भरतील व विहिरींस पाणी येईल. त्याआधी प्रत्येक वाचकाने एका सकाळी आपल्या अंगणातून निघून दोन वर्षांच्या मुलाच्या पावलांनी पाण्यापर्यंत चालत जावे, आणि वाटेत आपणांस कोणी व कशाने अडविले ते पाहावे. काहीच आड आले नसेल, तर त्याच दिवशी पहिला खांब रोवावा, अशी माझी सर्व शेतकरी बंधुभगिनींस हात जोडून विनंती आहे.